पडद्यावरचं धान

अंजना रामटेके नागपूरच्या सदर भागातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. उंच, सावळी, चाळिशीकडे झुकलेली. वर्गात कापड बेतता बेतता तिचा हात मध्येच थांबायचा. कात्री कापडात अर्धी शिरलेली असायची आणि बाईंची नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबात. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत, पण मोठ्यानं हसत नसत. बाई थोड्या वेळानं आपोआप परत येतात आणि जिथं सोडलं तिथूनच कापायला लागतात, हे त्यांना माहीत होतं. कापड कधी बिघडलं नाही.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. कुहीजवळच्या एका खेड्यात तिचा जन्म. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी करायचे. आई गुडघाभर चिखलात वाकलेली असे आणि ही पोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून धानाकडे बघत राही. बघता बघता उघड्या डोळ्यांनीच कुठंतरी निघून जाई. हाक मारली तर ऐकू येत नसे. आईला वाटे, पोरीच्या कानात दोष आहे. बाप म्हणे, "कान चांगले आहेत तिचे. ती इथं नसते, एवढंच."

छप्पन साली आईबाप धम्मदीक्षेसाठी नागपूरला आले तेव्हा तिलाही आणलं होतं. गर्दीत बापानं तिला खांद्यावर घेतलं. त्या दिवसातलं तिला फारसं काही आठवत नाही. वरून दिसलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं, नजर पोचेल तिथवर, एवढंच डोळ्यांत राहिलं. गावी परतल्यावर बापानं, धोंडबानं, सांगून टाकलं, "ही पोट्टी आता चिखलात नाही उतरणार." आणि उतरू दिली नाही. मग वसतिगृह आलं, मॅट्रिक झालं, शिवणाचा डिप्लोमा झाला आणि सदरमधली नोकरी लागली. मधल्या वर्षांत आई गेली. धोंडबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा अंजनानं त्याला नागपुरात, इंदोरा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहून गेलं."

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत सरकारी योजनेतून संगणक आले. शाळेच्या मागच्या अंगाला नकाशांची एक खोली होती. तिथले नकाशे हलवले, खिडक्या बंद केल्या, भिंतीत एक वातानुकूलन यंत्र बसवलं. नागपूरच्या त्या उन्हात शाळेतली ती एकच खोली गार. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. शिपाई तर दाराशी हात जोडूनच आत जायचा.

मुख्याध्यापिका इंदुताईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी अंजनाला बोलावलं. "अंजनाबाई, या यंत्रांना खोळी शिवून द्या. धूळ बसली की मरतात म्हणे."

अंजना टेप घेऊन गेली. गार फरशीवर अनवाणी उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. यंत्रं बसवणारा माणूस एका कोपऱ्यात तारा जोडत होता. एक यंत्र त्यानं चालूच ठेवलं होतं. काळा पडदा, आणि त्यावर एक बारीकशी पांढरी रेघ लुकलुकत होती. दिसायची, जायची, दिसायची. अंजनानं टेप पडद्याच्या कडेला लावला आणि माप घ्यायचं विसरून त्या रेघेकडे बघत राहिली.

"ही काय करून राहिली?" तिनं विचारलं.

"तुमची वाट पाहते," तो माणूस मान वर न करता म्हणाला.

"माझी?"

"कुणाचीही. काही लिहा, मंग पुढं सरकन ती."

तिनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. एक एक अक्षर शोधत तिनं आपलं नाव टाइप केलं आणि त्या माणसानं दाखवलेलं बटण दाबलं. पडद्यावर लगेच एक शब्द उमटला : मिस्टेक.

"माझं नाव चूक आहे म्हणते," अंजना म्हणाली.

तो माणूस हसला. "त्याले तुमचं नाव माहीतच नाही, बाई. त्याले सांगा लागते की हे नाव आहे."

खोळींची मापं घ्यायला तिला पुन्हा दुसऱ्या दिवशी जावं लागलं. मोठ्या बाईंनी कारण विचारलं नाही.

सुट्टीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रत्येक शाळेतून दोघांनी जायचं होतं. गणिताचे कृष्णकांत सर ठरलेले होते. नागपूरच्या महाल भागात त्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी केलेलं. दुसऱ्या विज्ञानाच्या बाई होत्या, पण त्यांच्या नवऱ्याची रायपूरला बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. मोठ्या बाईंनी अंजनाचं नाव घातलं.

"मोठ्या बाई, मी शिवण शिकवते," अंजना चाचरत म्हणाली.

"म्हणूनच. मुलींनी उलटी बाही जोडली तर तुम्ही न चिडता उसवता आणि पुन्हा जोडायला लावता. माझ्याकडं असं माणूस दुसरं नाही."

तो मे महिना अंजनाच्या मनात पुढं कायम एखाद्या स्वप्नासारखा राहिला. बाहेर रस्ते पांढरे पडलेले, डांबर मऊ झालेलं, माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून सावल्यांमधून चालणारी. त्या उजेडातून ती महाविद्यालयाच्या दारात शिरायची. व्हरांड्यातल्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास यायचा. मग ती काळोखी गार खोली आणि रांगेनं मांडलेले पडदे. डोळ्यांसमोर काही वेळ नुसते हिरवे-जांभळे ठिपके नाचायचे. ते निवेपर्यंत ती गप्प बसून राही.

शिकवायला एक तरुण सर होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "यंत्राला अक्कल नाही. पण ते कधी थकत नाही आणि सांगितलेलं कधी टाळत नाही. तुम्ही काय सांगता, तेवढंच बघायचं."

त्यांनी फळ्यावर एक डबा काढला. डब्याला नाव द्यायचं, ए. त्यात आकडा ठेवायचा. यंत्राला 'ए' विचारलं की ते डब्यात डोकावतं आणि आत असेल ते सांगतं. इथपर्यंत सगळ्यांना पटलं. मग सरांनी लिहिलं, ए बरोबर ए अधिक एक.

कृष्णकांत सर उठून उभे राहिले. "हे होऊच शकत नाही. कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकानं मोठी कशी असेल? मुलांनी असं लिहिलं तर मी शून्य देतो."

खोलीत हशा पिकला. तरुण सरांनी समजावलं की ही बरोबरीची खूण नाही, ही आज्ञा आहे. डब्यात जे आहे त्यात एक मिळवा आणि पुन्हा त्याच डब्यात ठेवा. कृष्णकांत सर बसले, पण त्यांच्या कपाळावरची आठी दुपारपर्यंत गेली नाही. अंजनाला गणित एवढं येतच नव्हतं की तिला धक्का बसावा. तिला ते वाक्य आवडलं. डबा तोच, नाव तेच, आणि आत दर वेळी थोडं वेगळं काही. ती त्यात इतकी रमली की पुढचं निम्मं व्याख्यान तिच्या कानावरून गेलं. ते तिला जेवणाच्या सुट्टीत कृष्णकांत सरांनी समजावलं, दशम्यांचा डबा मध्ये ठेवून.

असंच चालायचं. तो सगळा महिना ती पडायची आणि सर उचलायचे. कंस कुठं उघडायचा, कुठं मिटायचा, हे त्यांना एका नजरेत दिसे. पण यंत्रानं 'मिस्टेक' म्हटलं की ते संतापायचे, जणू वर्गातल्या मुलीनं उलट उत्तर दिलं. अशा वेळी अंजना हळूच म्हणायची, "सर, कुठल्या ओळीत म्हणते ते बघू." आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर वाचायला लागत.

सगळ्यात जास्त तिला भूल घातली ती पुन्हा पुन्हा करायच्या आज्ञेनं. 'फॉर' म्हणायचं, कुठपासून कुठपर्यंत ते सांगायचं, काम सांगायचं आणि शेवटी 'नेक्स्ट' म्हणायचं. की यंत्र परत वर जातं आणि तेच काम पुढच्या आकड्यासाठी करतं.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून ती धोंडबाजवळ बसली. तो खाटेवर पडून होता. डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली, पण कान अजून तिखट.

"काय शिकून राहिली वं तू रोज उन्हातान्हात?"

"यंत्राले काम सांगाचं शिकून राहिली, बाबा."

"मालकावानी?"

अंजनानं विचार केला. "नाही. मालक म्हणते, जा, धान काप. याले तसं समजत नाही. याले सांगा लागते, वाक. मूठ धर. विळा लाव. ओढ. बाजूले ठेव. एक पाऊल सरक. आणि मंग पुन्हा वाक."

"आन थांब, असं कोण सांगते?"

"थे बी मलेच सांगा लागते. नाही त बांधी सरली तरी वाकतच राहीन तो."

धोंडबानं कूस बदलली. मग म्हणाला, "बिचारा."

जुलैत शाळा उघडली. शिवणाचे तास झाल्यावर अंजना आणि कृष्णकांत सर नववीच्या मुलींना त्या गार खोलीत न्यायचे. अंजनानं शिवलेल्या निळ्या खोळी मुली हलक्या हातानं काढत, घड्या घालत, आणि मगच यंत्रं चालू होत. सर आकड्यांची गणितं करून दाखवत. रेघा काढायचं काम अंजनाकडे आलं. खालच्या एका ठिकाणाहून वरच्या एका ठिकाणी रेघ ओढ, एवढं सांगितलं की पडद्यावर रेघ उमटायची.

एक दिवस मुली गेल्यावर ती एकटीच बसली होती. तिनं खालून वर अशी एक हिरवी रेघ काढली. शेजारी दुसरी. मग तिला 'फॉर' आठवलं. जागेचं नाव ठेवलं एक्स. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक्स थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि दर वेळी एक रेघ उभी करायची. तिनं बटण दाबलं. डावीकडून उजवीकडे रेघा उगवत गेल्या, एकीला लागून एक, आणि पडदा भरला.

अंजना मागे टेकून बसली. वातानुकूलन यंत्र घुमत होतं. तिला चिखलाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलींना दाखवलं. "हे काय आहे, सांगा बरं?"

"कंगवा!" एक जण म्हणाली.

"नाही वं. धान आहे."

मुलींनी पुन्हा निरखून पाहिलं. "बाई, कंगवाच आहे," सगळ्यांचं मत पडलं.

त्यांचं बरोबर होतं. धान असं उभं राहत नाही. त्याला वारा पाहिजे होता. पण वारा यंत्राला कसा सांगायचा? रेघेचं बूड जागेवर ठेवून शेंडा थोडा उजवीकडे न्यायचा, मग परत आणायचा, डावीकडे न्यायचा, परत आणायचा. 'आणायचा' म्हणजे किती, कुठून, हे तिला लिहिता येईना. जो आकडा घालावा त्यानं शेंडा झटकन उडायचा आणि झटकन आपटायचा.

ती कृष्णकांत सरांकडे गेली. ते शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. "सर, मले असं काही पाहिजे की जे जाते आणि परत येते. पण टोकाशी जाऊन मऊ होते. झोक्यासारखं."

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "साइन," ते म्हणाले.

ते तिला रिकाम्या वर्गात घेऊन गेले. फळ्यावर त्यांनी एक वर्तुळ काढलं, वर्तुळावर फिरणारा एक बिंदू, आणि त्या बिंदूची उंची शेजारी मांडत मांडत एक लाट. खडूची लाट फळ्याच्या टोकापर्यंत गेली. "इतकी वर्षं झाली शिकवतो मी हे," ते म्हणाले. "मुली पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. हे मागायला आजवर कुणी आलं नव्हतं."

अंजनाला वर्तुळ नीट कळलं नाही, पण लाट कळली. वेळेला तिनं नाव ठेवलं टी. टी वाढत जाईल तसा साइन वर जाईल, खाली येईल, आणि रेघांचे शेंडे त्याच्याबरोबर जातील. पडद्यावर शेंडे हलले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण सगळे शेंडे एकदमच उजवीकडे जात आणि एकदमच डावीकडे येत.

"बाई, पीटीचा तास चालू आहे त्यांचा," एक मुलगी म्हणाली आणि खोली हसण्यानं भरली. अंजनाही हसली. तिच्या मनातून मात्र ते उतरलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर आला. ती बसमधून एक थांबा पुढं उतरू लागली. भाजीत मीठ घातलं की नाही, ते तिला आठवेना. धोंडबा नुसताच जेवायचा, काही म्हणायचा नाही. आपल्याला काय हवं आहे ते तिला डोळे मिटले की स्पष्ट दिसायचं. डोळे उघडून लिहायला बसली की ते निघून जायचं. यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. ते तिनं सांगितलेलंच करत होतं.

मग एका दुपारी ती पडद्यासमोर बसलेली असताना वीज गेली. पडद्यावरचं सगळं आक्रसून मधोमध एक पांढरा ठिपका झाला आणि तोही विझला. घुमणारं यंत्र थांबलं. खोलीत इतकी शांतता पसरली की बाहेर सदरच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. लिहिलेलं काम कॅसेटवर उतरवून ठेवायचं असतं. ती ते विसरली होती. सगळं गेलं होतं.

वीज आली तोवर मुली घरी गेल्या होत्या. अंजना आठवून आठवून पुन्हा लिहू लागली. बहुतेक सगळं आठवलं. एका ठिकाणी ती अडली. शेंड्याची जागा सांगताना एक्स मिळवायचा असतो, हे पक्कं आठवत होतं. पण साइनच्या कंसाबाहेर की कंसाच्या आत? बाहेर होता असं वाटलं. मग आत होता असं वाटलं. शेवटी तिनं दोन्हीकडे घातला. चूक असेल तर यंत्र सांगेलच.

यंत्रानं काही सांगितलं नाही. रेघा उगवल्या, आणि पडद्याच्या एका बाजूनं वारा आला.

पहिले शेंडे वाकले, त्यांच्या मागून शेजारचे, त्यांच्या मागून त्यांच्या शेजारचे. वाकलेले उठत होते आणि पुढचे वाकत होते. एक एक रेघ आपल्या जागीच होती, पण त्यांच्यावरून काहीतरी पळत चाललं होतं. वादळात सापडल्यासारखं धान उसळत होतं. अंजनानं नकळत पदर सावरला.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. आत काय वाटत होतं ते तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. "डोळ्यांत पाणी होतं, पण मी रडून नव्हती राहिली," एवढंच ती म्हणायची. भानावर आल्यावर तिनं आधी ते कॅसेटवर उतरवलं.

सकाळी तिनं कृष्णकांत सरांना नेऊन दाखवलं. सर खुर्चीत बसलेच नाहीत, उभ्यानंच पाहत राहिले.

"अंजनाबाई, हे कसं केलं तुम्ही?"

"माह्याकडून चुकून झालं, सर."

"काय चुकलं ते दाखवा."

तिनं ती ओळ दाखवली. सर ओठांतल्या ओठांत पुटपुटले, खडू शोधू लागले, खडू मिळेना तेव्हा हवेतच बोटानं लाट काढू लागले. मग थबकले. "आलं लक्षात. आधी सगळ्या रेघांची वेळ एकच होती. आता तुम्ही प्रत्येकीच्या वेळेत तिची जागा मिळवली. त्यामुळे प्रत्येकीची वेळ वेगळी झाली. हिच्यापाशी वारा आत्ता आहे, तिच्यापाशी यायचा आहे." त्यांनी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि एक्स फार मोठा आहे, म्हणून वादळ आहे. त्याला भागून बघा. झुळूक येईल."

त्यांनी भागून पाहिलं. वादळ ओसरलं. लांब, संथ लाट पडद्यावरून जाऊ लागली. सर म्हणाले, "वा." मग घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. मोठ्या बाईंनी येऊन पाहिलं, मुलींनी पाहिलं, सगळ्यांना आवडलं. अंजना मात्र गप्प गप्प होती. सर म्हणाले ते तिनं ऐकलं होतं, मान हलवली होती, पण ते तिच्या आत उतरलं नव्हतं. चुकून हाती आलेलं ते धान तिला आपलं वाटेना. कुणाच्या तरी बांधीत शिरून उभं राहिल्यासारखं वाटे.

एका रविवारी ती एसटीनं कुहीला गेली. धोंडबाला सांगितलं, मामेबहिणीला भेटून येते. बहिणीकडे चहा घेतला आणि ती गावाबाहेर धुऱ्यावर जाऊन बसली. धान पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. वारा सुटला की लाट दूरच्या कडेनं निघायची आणि तिच्या पायाशी येऊन मोडायची. तिनं मुद्दाम धानाचा एकच धांडा, एकच काडी नजरेत धरली आणि त्याच्याकडेच बघत राहिली. तो वाकला, उठला, वाकला, उठला. बस. त्याला लाटेचं काही ठाऊक नव्हतं. त्याचा शेजारीही तेच करत होता, फक्त जरासा उशिरा. तिनं नजर उचलली तशी लाट दिसली, खाली आणली तशी फक्त धांडा. कितीदा तरी तिनं असं केलं. मामेबहीण शोधत आली. "काय पाहून राहिली वं अंजनाबाई? धान कधी पाहिलं नाही का?"

"पाहिलं त होतं," अंजना म्हणाली.

सोमवारी तिनं पडद्यावरचं सगळं लिखाण स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. कॅसेटवरचंही पुसलं. सर म्हणाले, "अहो, काय करता!" तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि पहिल्या ओळीपासून लिहायला बसली. एकेका ओळीला स्वतःशी विचारत होती, तू इथं काहून आहे? उत्तर आलं की पुढं जायची. त्या कंसापाशी पोचल्यावर थोडा वेळ तिचा हात थांबला, आणि मग तिनं एक्स भागून घातला, आत, जाणूनबुजून.

झुळूक आली. तिच्या चेहऱ्यावर या वेळी पाणी नव्हतं. शिवण उसवून पुन्हा नीट बसल्यावर येतं तसं साधं समाधान होतं.

दिवाळीनंतर धोंडबाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला. डिसेंबरात शाळेत प्रदर्शन भरलं. अंजना त्याला रिक्षात घालून घेऊन आली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर शाल. गार खोलीच्या दाराशी त्यानं जोडे काढले आणि आत येऊन पडद्यासमोरच्या बाकावर बसला. शाल पांघरून घेतली.

धान हलत होतं. कडेच्या मुली पडद्यासमोरून बाजूला सरकल्या.

"हे कुठचं धान होय?" त्यानं विचारलं.

"कुहीचं समजा, बाबा."

तो पुढं वाकून पाहत राहिला. "खाली पाणी नाही दिसत."

"पाणी अजून मले जमलं नाही."

"जमन," तो म्हणाला.

बघता बघता त्याची मान हळूहळू खाली आली. दुपारच्या वेळी धुऱ्यावर, झाडाच्या सावलीत पाठ टेकून डुलकी घ्यायची त्याची जुनी सवय होती. तसाच तो झोपला, त्या हिरव्या उजेडात, शाल हनुवटीपर्यंत ओढून. तेवढ्यात मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. अंजना उठून उभी राहिली. मोठ्या बाईंनी आत पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आधी शिवणाचं दालन बघू या. इकडं थोड्या वेळानं येऊ."

परतताना रिक्षात धोंडबा पूर्ण जागा झाला होता. गड्डीगोदामाचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "त्या धानाले कापा लागत नाही का वं?"

"नाही, बाबा."

"मंग थे कोण खाते?"

"कोणीच नाही. नुसतं पाहाचं."

"आमाले नुसतं पाहाले फुरसतच नाही मिळाली," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं, तसं.

पुढच्या वर्षापासून शिवणाचे तास दुसऱ्या बाईंकडे गेले आणि अंजना पूर्णवेळ त्या खोलीत आली. कृष्णकांत सर निवृत्त होईपर्यंत रोज मधल्या सुट्टीत डोकावायचे. यंत्राशी त्यांचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. धोंडबा आणखी दोन उन्हाळे जगला. तो गेल्यावर अंजना काही दिवस शाळेत आली नाही. आली ती थेट त्या खोलीत गेली, खोळी काढल्या, यंत्रं चालू केली आणि मुलींची वाट पाहत बसली.

तिच्याकडे शिकणाऱ्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच सांगायची, "तुम्ही जे रोज पाहता, त्यातलं काहीतरी आणा." मुली ते पडद्यावर आणायच्या. कुणी तुळशीबागेतल्या आपल्या घरचा पंखा आणला, कुणी सक्करदऱ्याच्या तलावावरचे बगळे. उमरेडहून रोज एसटीनं येणारी एक बारकी मुलगी होती, सुमती नावाची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिनं खाणीतून वर येणारी कोळशाची डबेगाडी काढायला घेतली. गाडी निम्म्या चढावर यायची आणि थांबायची.

"बाई, नाही चढून राहिली," सुमती रडकुंडीला येऊन म्हणाली.

अंजना तिच्याजवळ स्टूल ओढून बसली. हात मात्र मांडीवरच ठेवले, बटणांना लावले नाहीत.

"घाई नाही," ती म्हणाली. "ती कुठपर्यंत बरोबर येते, तेवढं आधी मले वाचून दाखव."

सुमतीनं डोळे पुसले आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.